चंद्रकळेतलं जर्मेनियम

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा निवायच्या आत. कारण मी जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही राग येतो, आणि मला राग आला की नेमकं काय होतं, याची नोंद आता विज्ञानाच्या दप्तरी झालेली आहे. ती कशी झाली, तेच सांगायचं आहे.

फजिती काय, सगळ्यांचीच होते. कुणी बोळात घसरतं, कुणी परक्याच्या चपला घालून घरी येतं. माझी फजिती तीन साक्षीदारांसमोर झाली, एका पडद्यावर, हिरव्या रेषेत, आणि म्हणाल तेव्हा पुन्हा करून दाखवता येईल अशी झाली. शास्त्रीय फजिती म्हणतात ती हीच.

तुम्ही मला ओळखता. मी बेसावध माणूस नाही. ट्राममध्ये चढण्यापूर्वी पाटी दोनदा वाचतो. एम. एस्सी. होऊन इथं कलकत्त्यात एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागलो तेव्हा बालीगंजला मामांकडे राहत होतो. मामा खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचे अधिकारी. कुठलीही पेटी उघडून आत हात घातल्याशिवाय आत काय आहे यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. मामी स्वभावानं बरोबर उलट. माझ्या बोलण्यातलं अक्षरही न कळता त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. या दोघांचा माझ्या फजितीत वाटा आहे, पण तो मागाहून.

आमच्या सरांनी परदेशातल्या एका स्नेह्याकडून जर्मेनियमचा एक स्फटिक मिळवला होता. आगपेटीतली काडी अर्ध्यात मोडावी, एवढासा करडा, चकचकीत तुकडा. कलकत्त्यात तसा दुसरा आमच्या माहितीत नव्हता. आणि त्या तुकड्यात आम्हाला जे बघायचं होतं, ते तिथं नसलेलं काहीतरी होतं.

असे बघू नका माझ्याकडे. माझ्या सहकाऱ्याच्या, निशीथच्या, आईनंही असंच बघितलं होतं.

गणपतीतली आपल्या मंडळाची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढायला सुरुवात होणार, तेवढ्यात पहिल्या पाटावरचे आजोबा औषध राहिलं म्हणून उठून गेले. पाट रिकामा. शेजारचा लगेच तिकडे सरकला, कारण वाढपी तिथून सुरुवात करतो. मग त्याच्या शेजारचा सरकला, मग त्याच्या. प्रत्येक माणूस फक्त एकेक पाट सरकला. पण माडीवरून बघणाऱ्याला काय दिसलं? एक रिकामी जागा पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉनांची अशीच पंगत असते आणि तिच्यातही अशी रिकामी जागा चालते. ती कण नाही, पण हुबेहूब कणासारखी वागते. तिला वेग असतो, विद्युतभार असतो. चिमटीत धरता येत नाही, मात्र ती इथून निघाली आणि तिथं पोचली, एवढं दाखवता येतं.

कशाला दाखवायचं, असं मामांनीही विचारलं होतं. याच रिकाम्या जागांच्या जिवावर अमेरिकेत एक चिमुकलं उपकरण निघालं आहे, ट्रॅन्झिस्टर. मामांच्या रेडिओतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्ध्या बातम्या होऊन जातात. या उपकरणाला तापावंच लागत नाही. उद्या रेडिओ खिशात मावेल, असं मी त्यांना सांगितलं.

मामा म्हणाले, “खिशात घालून ऐकू काय? या स्टेशनवर मराठी कुठं लागतं?”

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

प्रयोग सांगायला सोपा आहे. स्फटिकाच्या काडीवर दोन बारीक टोकदार तारा टेकवायच्या. पहिल्या तारेतून रिकाम्या जागांची एक झुळूक आत सोडायची. काडीच्या दोन टोकांना जोडलेली वीज त्यांना वाहवत नेते. त्या दुसऱ्या तारेपाशी पोचल्या की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरच्या हिरव्या रेषेला एक गोलसर उंचवटा येतो. तारांमधलं अंतर आणि लागलेला वेळ कळला की वेग कळला. ऑसिलोस्कोप युद्धानंतर अमेरिकन फौजेनं विकून टाकलेल्या सामानातला होता. जरा जोरात दार लावलं तरी रुसायचा. उंचवटा दिसला की पडद्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीनं रेषा उतरवून घ्यायची. ही आमची पद्धत. हाताची रेषा, तिला पुरावा आमच्या शब्दाशिवाय दुसरा नाही. एवढं ध्यानात ठेवा.

आता अडचण अशी, की जर्मेनियमवर उजेड पडला तरी त्यात आपोआप रिकाम्या जागा तयार होतात. न बोलावलेले पाहुणे. म्हणून अंधार हवा. खोलीच्या खिडक्यांना लाकडी झडपा होत्या. निशीथ म्हणाला, झडपा लावल्या की पुष्कळ झालं. मी म्हणालो, पुष्कळ म्हणजे किती? तो हसला.

त्या हसण्यापासून मला त्याचा राग येऊ लागला.

निशीथ हुशार होता, हे मी तेव्हाही मान्य करत होतो. फाळणीनंतर पलीकडून आलेलं त्याचं घर डमडमच्या एका वस्तीत, पत्र्याच्या छपराखाली राहत होतं. आई, दोन धाकट्या बहिणी, आणि सगळ्यांचा भार याच्या शिष्यवृत्तीवर. पण माणूस ऐसपैस. चहाचा पेला यंत्रावर ठेवायचा, मापं घेताना गुणगुणायचा आणि मला ‘बर्गी’ म्हणायचा. बर्गी म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नको. नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांनी दोनशे वर्षांपूर्वी इथं लुटालूट केली. त्यांची भीती घालून या लोकांच्या आया अजून पोरांना झोपवतात. भोसल्यांनी केलं ते वाईटच. पण मी रत्नागिरीकडचा आहे. माझ्या घराण्यात घोड्यावर बसता येणारा एकही माणूस झालेला नाही. हे मी त्याला साधार समजावून सांगितलं. तो म्हणाला, “ठीक आहे, बर्गीमोशाय.”

तर अंधार. मी मामींकडे काळं कापड मागितलं. त्यांनी ट्रंकेतून एक जुनी चंद्रकळा काढून दिली, काळीभोर, लाल काठांची. मी ती उजेडासमोर धरली तर विणीतून बारीक बारीक कवडसे दिसले. म्हणून दुहेरी केली. तरी समाधान होईना, तिहेरी केली. मामींनीच ती शिवून तिचा खोळीसारखा घोंगता करून दिला, आणि विचारलं, “त्या दगडाला थंडी वाजते का रे?”

तो घोंगता मी स्फटिकावर असा बसवला की आत मुंगी शिरणार नाही. आणि नियम केला: माझ्याखेरीज कुणीही स्फटिकाच्या जवळ जायचं नाही. मी मात्र प्रत्येक मापापूर्वी, स्टुडिओतला फोटोग्राफर शिरतो तसा डोक्यापासून खांद्यापर्यंत आत शिरायचो, कापड मानेभोवती आवळून घ्यायचो आणि बारीकशा लाल दिव्यात, भिंग लावून, तारांची टोकं जागेवर आहेत ना हे नाक टेकेल इतक्या जवळून तपासायचो. काळजी म्हणजे काळजी.

आणि उंचवटा दिसायचा नाही.

रेषा थरथरायची, वर सरकायची, लोळायची. उंचवटा तिच्यात बुडून जायचा. मी पुन्हा आत शिरून तारा तपासायचो. त्या जागेवर असायच्या. बाहेर येऊन बघावं तर रेषा आधीपेक्षा वाईट. मग मी आणखी काळजीनं, आणखी वेळ तपासायचो.

पहिल्यांदा मी ट्रामला दोष दिला. प्रयोगशाळेच्या समोरून ट्रामची लाइन जाते आणि तिच्या तारेवर ठिणग्या उडतात. ट्राम नसतानाही रेषा लोळली. मग लिफ्टला दोष दिला. ती बंद पडली त्या आठवड्यातही रेषा लोळली. मग मी निशीथच्या गुणगुणण्याला दोष दिला. त्यानं गुणगुणणं बंद केलं, मुकाट्यानं, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

कारण या सगळ्यात एक असह्य गोष्ट होती. मी जेवायला गेलो, ग्रंथालयात गेलो, की परत येईपर्यंत निशीथकडे कागदावर उतरवलेला उंचवटा तयार. सुरेख, गोलसर, पाटाभोवती रांगोळी काढावी तसा. मी विचारायचो, घोंगता घातला होतास? तो म्हणायचा, काढून ठेवला होता, झडपा लावल्या होत्या, ओतेई होये जाय. तेवढ्यानं होतं. मी म्हणायचो, मला दाखव. मग मी घोंगता घालायचो, आत शिरून तारा तपासायचो, बाहेर यायचो. उंचवटा गायब.

तुम्ही काय निष्कर्ष काढला असता?

मी सावध माणूस. मी घाईनं निष्कर्ष काढला नाही. मी सापळा रचला. एके दिवशी जाण्यापूर्वी, निशीथला न सांगता, दुसरी तार केसभर पुढे सरकवली. अंतर वाढलं, म्हणजे उंचवटा उशिरा आला पाहिजे. तो जर मनानं काढत असेल तर जुन्याच जागी काढेल आणि सापडेल. परत आलो. त्याच्या कागदावरचा उंचवटा अगदी हवा तेवढा उशिरा आलेला होता.

आता विचार करा. कुणाही शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? की हा खरं बोलतो आहे. मी काय म्हटलं? मी म्हटलं, हा इतका पक्का आहे की यानं तार सरकलेली भिंगातून ओळखली, गणित केलं आणि त्याप्रमाणे रांगोळी काढली. राग आलेल्या माणसाला तर्कशास्त्र सोडून जात नाही. उलट ते त्याच्या बाजूनं दुप्पट काम करतं.

अशात सरांनी बातमी दिली. दिल्लीहून एक वडीलधारे शास्त्रज्ञ येणार होते. जर्मेनियमवरचं काम देशात कुठं चालावं हे त्यांना ठरवायचं होतं. त्यांना आमच्याकडे उंचवटा दिसला तर स्फटिक आणि काम आमच्याकडे राहणार. नाही दिसला तर दोन्ही मुंबईला. म्हणजे माझा प्रबंध मुंबईला आणि मी बालीगंजला. मामींना वाटलं, मुंबईला जायला मिळतंय तर चांगलंच की. मी त्यांना समजावून सांगितलं की मी नाही, दगड जाणार.

रात्रीच्या जेवणाला मी सगळा प्रकार मामांच्या कानावर घातला. त्यांनी ताक पिऊन भांडं खाली ठेवलं आणि गोदीतल्या आवाजात म्हणाले, “संशय आहे ना? मग मालकाच्या देखत पेटी उघड. मागाहून उघडलीस तर तो म्हणेल, तूच काढून घेतलंस.”

मी ठरवलं, पाहुण्यांच्या देखत उघडायची.

पाहुणे यायचा दिवस नेमका संक्रांतीचा निघाला. मामींनी सकाळी तिळगुळाचा डबा हातात दिला आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना वाटायला बजावलं. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, तुलाच आज तिळगुळाची जास्त गरज दिसते. बंगाली लोकांकडेही पौषसंक्रांत असते; निशीथच्या आईनं नारळाचं सारण भरलेले पिठे पाठवले होते. त्यानं एक माझ्यापुढे केला. मी म्हणालो, नंतर. तिळगुळाचा डबा मी यंत्रामागे सरकवून ठेवला. ज्याचं दुपारी नाव बुडवायचं, त्याला सकाळी गोड बोल म्हणून सांगायचं? माझ्यात तेवढा दुटप्पीपणा नाही.

पाहुणे आले. कानाभोवती मफलर, जाड चष्मा, मोजकं बोलणं. त्यांनी प्रयोग दाखवायला सांगितला. मी घोंगता काढून बाजूला उभा राहिलो, मुद्दाम, हाताची घडी घालून. निशीथनं झडपा लावल्या, बटणं फिरवली, आणि पडद्यावर उंचवटा उभा राहिला. शांत, गोलसर, जागच्या जागी. सरांचा चेहरा उजळला. पाहुणे खाली वाकले आणि ‘हं’ म्हणाले.

खरं म्हणजे मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. उंचवटा कागदावर नव्हता, पडद्यावर होता; सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पण मला तेव्हा असं दिसलं की यानं पडद्यातच काहीतरी करून ठेवलं आहे. मी घसा साफ केला आणि इंग्रजीत, अतिशय सभ्यपणे, सांगितलं की या रेषेवर विश्वास ठेवू नये, कारण जो माणूस काळजीपूर्वक तपासतो त्याला ती दिसत नाही.

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग निशीथकडे. निशीथचा चेहरा पांढरा पडला होता. तो काय विचार करत होता हे मला कळत होतं. खोटेपणाचा नुसता ठपका आला तरी शिष्यवृत्ती त्याच दिवशी बंद झाली असती, आणि डमडमच्या त्या पत्र्याखाली त्या संध्याकाळी चूल कशी पेटवायची हा प्रश्न आला असता. हे सगळं मला माहीत होतं. तरीही राग इतका होता की मी थांबलो नाही.

“मी काय केलं, रिसबूड?” त्यानं हळू विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली.

मी घोंगता चढवला, आत शिरलो, कापड मानेभोवती आवळलं आणि तारांवर वाकलो. डोकं तापलं होतं. छाती धपापत होती. हा माणूस, त्याचा चहाचा पेला, त्याचं हसणं, बर्गी म्हणणं, भोसले, घोडे, सगळं एकदम आठवत होतं. बाहेरून पाहुण्यांचा आवाज आला, “गेला.”

मी बाहेर आलो. पडद्यावर रेषा लोळत होती. कधी लोळली नव्हती इतकी. मी हात पसरून म्हणालो, “बघा.”

पाहुण्यांनी बघितलं. मग त्यांनी मला भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं आणि घोंगता स्वतःच्या हातानं उचलून ठेवला. आम्ही चौघं त्या रेषेकडे बघत राहिलो. ती थोडी शांत झाली. आणखी शांत झाली. आणि मग, कुणीही बटणाला हात न लावता, पाण्यातून पाणकोंबडीनं डोकं वर काढावं तसा उंचवटा वर आला.

पाहुण्यांनी घोंगता पुन्हा चढवायला लावून मला आत जायला सांगितलं. गेलो. उंचवटा गेला. बाहेर आलो, जरा वेळानं उंचवटा आला. त्यांनी सरांना आत जायला सांगितलं. सर गेले, आपल्या संथपणे, विठ्ठलाच्या देवळात शिरावं तसे वाकून. उंचवटा किंचित खचला, पण राहिला. मग त्यांनी मला विचारलं, आत असताना तुम्ही काय करत होता?

“तारा तपासत होतो.”

“आणखी?”

मी प्रामाणिक माणूस आहे. म्हणालो, “संतापलो होतो.”

त्यांनी चष्मा काढला, काचेवर ‘हा’ करून तोंडाची वाफ सोडली आणि मफलरच्या टोकानं पुसू लागले. पौषातली कोरडी हवा. काचेवर धुकं आलं, काठाकडून आत आत विरत गेलं, आणि काच स्वच्छ झाली. जेवढा वेळ ते धुकं विरायला लागला, साधारण तशाच संथपणे पडद्यावरची रेषाही शांत होत होती.

मी घोंगत्याकडे बघितलं.

एरवी इथल्या हवेत चपला ओल्या राहतात, पण हिवाळ्यात ती बरीच कोरडी होते. त्या कोरड्या हवेत, तिहेरी चंद्रकळेच्या बंद घोंगत्यात, जर्मेनियमच्या अगदी तोंडाशी, एक सावध माणूस आपला ऊन, ओला श्वास सोडत होता. रोज. प्रत्येक मापापूर्वी. आणि उंचवटा दिसला नाही की आणखी काळजीनं, आणखी जवळून, आणखी रागानं. स्फटिकाच्या अंगावर ओलावा बसला की बिचाऱ्या रिकाम्या जागा वाटेतच पृष्ठभागावर जिरत होत्या, तारेपाशी भलतीकडून वीज झिरपत होती, आणि रेषा लोळत होती. ट्राम निर्दोष होती. लिफ्ट निर्दोष होती. निशीथचा चहादेखील निर्दोष होता. कलकत्त्यात जर्मेनियमला उपद्रव देणारी एकच वस्तू होती, आणि ती बालीगंजहून रोज वेळेवर येत होती.

पाहुण्यांनी खात्री करून घेण्यासाठी मला श्वास रोखून आत जायला सांगितलं. मी श्वास रोखला, आत गेलो, डोळे मिटून घेतले. बाहेरून निशीथचा आवाज आला: “आहे. आहे, अजून आहे.” मग माझा श्वास सुटला. “गेला.”

मी घोंगत्यातून बाहेर यायला थोडा वेळ लावला. आत अंधार होता आणि मला तो आवडू लागला होता.

बाहेर आलो तेव्हा कुणी हसत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. मी निशीथकडे वळलो. यंत्रामागचा डबा दिसला. तो उघडून त्याच्यापुढे धरला. त्यानं एक तिळगूळ उचलला, चघळला, आणि डोळे बारीक करून विचारलं, “हे देताना तुमच्यात काहीतरी म्हणतात ना, बर्गीमोशाय?”

मला म्हणावं लागलं. तिळगूळ घे, गोड बोल. तीन माणसांसमोर, मराठीत, आणि मग त्याच्या आग्रहावरून इंग्रजीत भाषांतर करून. पाहुण्यांनी दोन तिळगूळ घेतले. सरांनी पिठा खाल्ला आणि छताकडे बघत राहिले.

स्फटिक मुंबईला गेला नाही. पाहुण्यांचं मत पडलं की उंचवटा दिसणं तर छानच, पण तो ओलाव्यानं असा नाहीसा होणं हे जास्त महत्त्वाचं. कारण उद्या या देशात ट्रॅन्झिस्टर वापरायचे तर ते आपल्या दमट हवेत टिकले पाहिजेत, त्यांना डबीत सीलबंद करावं लागेल, आणि ओलावा नेमकं काय करतो हे कुणीतरी मोजलं पाहिजे. ते निशीथनं मोजावं. मी त्याला मदत करावी.

मदत कसली, तेही ऐका.

मोजायचं तर ऊन, दमट हवा हवी, आणि ती थोडी थोडी सोडता आली पाहिजे. किटलीची वाफ फार होती. ओला कापूस फार मंद. शेवटी निशीथनं स्फटिकाभोवती काचेची नळकांडी बसवली, तिला रबरी नळी जोडली, आणि नळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

मी शांतपणे फुंकलं. रेषा जराशी हलली. निशीथनं मान हलवली. म्हणाला, हा तो श्वास नाही. संक्रांतीचा श्वास वेगळा होता.

तेव्हापासून मापाला सुरुवात करण्यापूर्वी मला राग आणणं हा आमच्या प्रयोगपद्धतीचा भाग झाला. निशीथ ते मन लावून करत असे. श्रीखंड हे फसलेलं मिष्टी दोई आहे, असं एकदा म्हणाला. त्या दिवशी फार चांगली मापं मिळाली. पुढे पुढे तर त्याची आई पिठ्यांच्या डब्याबरोबर मला चिडवायचे नवे मुद्दे धाडू लागली. मामांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी गोदीत नाना प्रकारचा माल उतरताना पाहिला, पण हा प्रकार कुठल्या सदरात टाकावा हे त्यांना सांगता यायचं नाही. मामींनी फक्त चंद्रकळा परत मागितली.

शोधनिबंध गेल्या महिन्यात छापून आला. लेखकाचं नाव निशीथचं, आणि ते रास्त आहे. मी शेवटच्या पानावर आभार बघितले. सरांचे आभार होते. पाहुण्यांचे होते. आणि त्याखाली, स्वच्छ इंग्रजीत, एक ओळ: दमट हवेचा पुरवठा केल्याबद्दल श्री. द. रि. रिसबूड यांचे आभार.

पुरवठा. माझ्या दोन वर्षांच्या सावधगिरीचं, अचूकपणाचं, तिहेरी शिवणीचं एका शब्दात त्यानं पोतं बांधलं होतं, गोदीतल्या मालासारखं. मी तो अंक टेबलावर आपटला. मी निशीथला काय काय म्हणालो ते इथं सांगत नाही. मराठीत म्हणालो, एवढं पुरे.

आणि तो? तो रागावला नाही, हसलाही नाही. धावत जाऊन त्यानं ऑसिलोस्कोप चालू केला, रबरी नळी ओढून आणली, माझ्यापुढे धरली, आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, “थांब रे बाबा, थांब. असा वाया घालवू नकोस.”